रिसीव्हर ‘टक्’ करून बंद पडतोय? आधी घड्याळ बघा

सिनेमा ऐन रंगात आलेला असतो आणि रिसीव्हरच्या, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या, पोटातून ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज गेला, चित्र गेलं, समोर फक्त लाल दिवा लुकलुकतोय. परत चालू केला तर गुमान चालू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. काही मॉडेल समोरच्या पट्टीवर ‘प्रोटेक्ट’ असं लिहून दाखवतात, काही नुसताच दिवा मिचकावतात.

मी धंद्याने रिपेअरवाला नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलोय, घराला लागून कारखाना, म्हणजे मोटर, स्टार्टर आणि उडालेले फ्यूज लहानपणापासून बघितलेले. त्यात होम थिएटरचा नाद लागला. आता नात्यात, गल्लीत, मित्रांत कुणाचाही रिसीव्हर बंद पडला की फोन मला येतो. हा एकच दोष मी इतक्या वेळा काढलाय की हल्ली फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: चालू केल्यापासून किती वेळाने बंद पडतो?

कारण सगळी गोम त्यात आहे. आपला रिसीव्हर यातला कुठला, ते बघा.

चालू केल्याबरोबर, दोन-पाच सेकंदांत बंद पडत असेल तर स्पीकरच्या वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात, नाहीतर आतला अ‍ॅम्प्लिफायर गेलाय.

हळू आवाजात तासन्‌तास चालतो, पण आवाज वाढवला आणि पडद्यावर स्फोट झाला की बंद. इथे स्पीकर झेपेना झालेत, किंवा सैल वायर आहे.

अर्धा-पाऊण तास व्यवस्थित, मग बंद. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत परत. सकाळी मात्र शहाण्या बाळासारखा चालतो. ही गरमी.

आवाजाचा संबंध नाही, वेळेचा नाही. फ्रिज सुरू झाला, पाण्याची मोटर लागली, इन्व्हर्टरवर गेला की बंद. ही लाइट.

आणि शेवटचा प्रकार, दिवा लुकलुकत नाही, ‘टक्’ झाल्यावर नेहमीच्या स्टँडबायमध्ये जाऊन बसतो. हा बहुतेक वेळा दोषच नसतो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. रिसीव्हरमध्ये एक राखणदार सर्किट असतं. ते तीन गोष्टींवर नजर ठेवतं: स्पीकरकडे जाणारा करंट मर्यादेबाहेर जातोय का, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखं एकाच दिशेचं, व्होल्टेज येतंय का, आणि हीटसिंक, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, किती तापलंय. यातलं काही बिघडलं की ते रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, सोडून स्पीकर तोडतं आणि सेट बंद करतं. तो ‘टक्’ रिलेचा. म्हणून दहादा बटण दाबून जबरदस्तीने चालू करायचा नाद सोडा. दर वेळी तुम्ही त्या राखणदाराला ढकलून आत घुसताय.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

टीव्हीचा हुकूम आणि झोपेचं टायमर

एचडीएमआय वायरीतून टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना हुकूम देऊ शकतात. या सोयीचं नाव सीईसी, पण कंपन्यांनी तिला आपापली नावं दिलीत: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राविया सिंक, एलजीत सिंपलिंक. टीव्हीने स्वतःचा इनपुट बदलला किंवा सेट-टॉप बॉक्स झोपला, की कधी कधी रिसीव्हरलाही झोपायचा हुकूम जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय दोन दिवस बंद ठेवून बघा. एवढं मात्र लक्षात ठेवा, एआरसीवरून, म्हणजे त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा, टीव्हीचा आवाज रिसीव्हरला येत असेल तर बऱ्याच सेटवर तोही बंद होतो. त्याने दचकू नका, चाचणी झाली की परत चालू करा.

रिसीव्हरमध्ये ‘ऑटो स्टँडबाय’ आणि ‘स्लीप’ हेही बघून घ्या. माझ्या मावसभावाने या स्लीप टायमरपायी रिसीव्हर रिक्षात घालून दुकानापर्यंत नेला होता. रिमोटवर पोराचं बोट पडलं होतं, एवढंच.

प्लग आणि लाइट

एकाच एक्स्टेंशन बोर्डवर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सबवूफर (खालच्या जड आवाजाचा स्पीकर), मच्छरचं मशीन आणि रिसीव्हर असेल तर रिसीव्हर आधी तिथून काढा आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट लावा. स्फोटाच्या सीनला रिसीव्हर एकदम करंट ओढतो. ढिल्या सॉकेटमध्ये तेव्हाच व्होल्टेज पडतं, आणि राखणदाराला वाटतं आतच काहीतरी बिनसलं. प्लग काढल्यावर पिना गरम लागल्या किंवा काळ्या दिसल्या तर सॉकेट बदलून घ्या, रिसीव्हरला दोष देऊ नका.

प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. तो दोन-तीन दिवस लावून ठेवा. आपल्याकडे २३० व्होल्ट धरलेले असतात, पण आमच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालू असताना आकडा वेगळा आणि बंद असताना वेगळा. सिनेमा बघायच्या वेळेला तो १९० च्या घरात लोळत असेल किंवा २५० च्या वर चढत असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. साधा रिलेवाला स्टॅबिलायझर मी रिसीव्हरला लावत नाही. तो टप्पा बदलताना क्षणभर लाइट तोडतो, आणि तेवढ्यातही सेट बंद पडू शकतो. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा घुमतो, त्यावर तो चालवूच नका.

अमेरिकेतून किंवा जपानातून आणलेला सेट असेल तर मागची पट्टी वाचा. तिकडचे सेट १२० किंवा १०० व्होल्टवर चालतात आणि इथे त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मिक्सरला पुरणारा ट्रान्सफॉर्मर सात चॅनेलच्या रिसीव्हरला पुरेलच असं नाही. आवाज वाढवला की तो दम टाकतो आणि सेट बंद होतो. ट्रान्सफॉर्मरचा व्हीएचा आकडा, म्हणजे त्याला किती भार झेपतो ते, रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा चांगला मोठा हवा.

हवा

हा आपल्या गावचा खास आजार. बहुतेक मॅन्युअलमध्ये खोलीचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि रात्री दहालाही भिंती गरम असतात. म्हणजे सेट बिचारा पहिल्या मिनिटापासूनच काठावर. त्यात हे अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक एबी क्लासचे, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहत असतो. गप्प बसलेला रिसीव्हरही चाळीस-पन्नास वॅट खातो आणि त्यातलं जवळपास सगळं उष्णता म्हणून बाहेर टाकतो.

जुळे सोलापुरातले आमच्या ओळखीचे एक अण्णा. त्यांचा फोन आला, “अरे, तुझा तो डबा रोज इंटरव्हलला बंद पडतोय बघ.” गेलो. काचेचं दार असलेलं लाकडी युनिट, त्यात रिसीव्हर. रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स. आणि दोघांवर मिळून, चौपदरी घडी घातलेली सोलापुरी चादर.

“हे काय, काकू?”

“धूळ किती बसते बघतोस ना? म्हणून घातलीय की.”

चादर उचलली आणि रिसीव्हरच्या झाकणावर तळहात ठेवला. तीन सेकंदही ठेवता आला नाही. झाकणाच्या जाळीत चादरीचा लाल-निळा तूस अडकून बसला होता आणि वरचा सेट-टॉप बॉक्स जाळीचा अर्धा भाग झाकून बसला होता. चादर काढली, बॉक्स खालच्या कप्प्यात सरकवला, काचेचं दार उघडं ठेवलं. त्या रात्री तीन तासांचा सिनेमा शेवटच्या नावांपर्यंत चालला. खर्च शून्य. अण्णा म्हणाले, “मग तू केलंस काय?” काय सांगणार?

तेव्हा, वर निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा, बाजूंना आणि मागे हात फिरेल इतकी. झाकणावर काहीही ठेवायचं नाही, रिमोटसुद्धा नको. युनिट बंदिस्तच असेल तर मागच्या फळीला भोक पाडून वरच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा बसवा, गरम हवा बाहेर ओढणारा. यूएसबीवर चालणारे पंखे मिळतात, ते टीव्हीच्या यूएसबीला लावले की बहुतेक टीव्हींवर टीव्हीबरोबर चालू, टीव्हीबरोबर बंद.

ज्यांचं घर कारखान्याला लागून आहे त्यांनी जाळी जवळून, टॉर्च मारून बघा. टॉवेल-चादरींच्या कापसाचे बारीक तंतू जाळीच्या आतल्या बाजूला नमद्यासारखे जमतात, वरून दिसतही नाहीत. प्लग काढा, सेट पूर्ण गार होऊ द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने बाहेरूनच झाडा आणि ब्लोअर बाजूने मारा. ओलं फडकं नाही आणि जाळीतून आत काहीही खुपसायचं नाही.

वायरी

इथे वेळ द्या. सगळ्यात जास्त वेळा मला दोष इथे सापडलाय.

आधी सेटच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक वायरीला कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने नाव लिहा: पुढचा डावा, मधला, मागचा उजवा. मग प्लग भिंतीतून काढा आणि स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा. एकही ठेवू नका. सबवूफरची पिनवाली वायरही काढा. आता सेट चालू करा, टीव्हीवर काहीतरी लावा आणि वीस मिनिटं नुसतं बघत बसा.

या एका चाचणीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. स्पीकर नसताना सेट चालू राहिला तर आतलं बहुधा ठीक आहे आणि दोष बाहेर, वायरीत किंवा स्पीकरमध्ये. एकही स्पीकर नसताना, गार सेट, तरीही ‘टक्’ करून बंद झाला, तर पुढचं सगळं सोडून थेट ‘हात कधी काढायचा’ या भागावर या.

चालू राहिला? मग प्लग काढून एक स्पीकर लावा, परत चालू करा, मध्यम आवाजात दहा मिनिटं. मग दुसरा. दर वेळी प्लग काढूनच वायर जोडायची, चालू सेटवर वायरी खुपसायच्या नाहीत. ज्या स्पीकरला सेट बंद पडेल तो चोर. हे कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने एकदम सगळं हलवलं की दोष तात्पुरता जातो आणि आठवड्याने परत येतो.

माझ्या स्वतःच्या सेटचा चोर मधला स्पीकर होता. दोन दिवस मी सेटिंगं उलटीपालटी करत बसलो. तिसऱ्या दिवशी पोटावर झोपून टॉर्च मारली, तर लाल टर्मिनलमधून तांब्याचा एकच केस बाहेर आलेला, आणि त्याचं टोक काळ्या टर्मिनलच्या पितळेला नुसतं टेकलेलं. डोळ्याला दिसेल न दिसेल असा. हळू आवाजात निभायचं, मोठ्या आवाजाला टर्मिनलमधली वायर थरथरायची आणि तो केस नीट टेकायचा. चिमट्याने काढला. तो केस मी पांढऱ्या कागदावर सेलोटेपने चिकटवून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

म्हणून वायरीचं टोक १०-१२ मिलिमीटरच सोला, घट्ट पीळ द्या आणि सगळे तंतू भोकात गेले का ते टॉर्चने बघा. सर्वांत उत्तम म्हणजे वायरीच्या टोकाला बसवून टर्मिनलमध्ये खोचायचा बनाना प्लग. स्पीकरच्या मागची बाजूही तशीच तपासा. सगळे लोक रिसीव्हरच्या मागे बघतात आणि स्पीकरच्या मागे विसरतात.

मग रिसीव्हर आणि स्पीकर यांच्यामधली वायर. दोन्ही टोकं सोडवलेली असताना मल्टिमीटर बीपवर ठेवून वायरीच्या दोन तारांना लावा. बीप वाजला तर वायर मध्ये कुठेतरी आत चिकटलीय. कुठे? स्कर्टिंगला ठोकलेल्या क्लिपचा खिळा आरपार गेला असेल, दाराच्या फटीत चेंगरली असेल, माळ्यावर उंदराने कुरतडली असेल. पीओपीच्या आत गेलेली वायर असेल तर शोधत बसू नका, नवी ओढा. घरच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत मजेत पुरते. पारदर्शक वेष्टनाची ‘स्पीकर वायर’ घेताना मात्र ब्लेडने एक तंतू खरवडून बघा. आत पांढरा निघाला तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचे तंतू दोनदा वाकवले की तुटतात, आणि तुटलेला तुकडा नेमका टर्मिनलवर पडतो.

स्पीकर आणि ओहम

रिसीव्हरच्या मागे टर्मिनलपाशी लिहिलेलं असतं, बहुतेक ६ ते १६ ओहम. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. स्पीकरचे ओहम जितके कमी तितका तो जास्त करंट ओढतो. आठच्या जागी चार ओहम लावला की करंट दुप्पट.

आपल्याकडे हे दोन वाटांनी घडतं. एक, जुना डीव्हीडीवाला ‘होम थिएटर इन अ बॉक्स’ मेला, त्याचे पाच देखणे स्पीकर राहिले, म्हणून ते नव्या रिसीव्हरला लावले. त्यातले कितीतरी ३ किंवा ४ ओहमचे असतात, ते त्यांच्याच डब्यासाठी बनवलेले. मागचं लेबल वाचा. दुसरी वाट गणपतीतली. हॉलमधले स्पीकर आहेतच, त्याच टर्मिनलला गच्चीवरचे दोन जोडले. ८ आणि ८ पॅरलल जोडले की ४ होतात. आरतीपर्यंत चालतं, पोरांनी गाणी लावली की बंद.

मल्टिमीटरने स्पीकर मोजताना वायर सोडवून मोजा. चांगला ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. लेबलवर ८ आणि मीटरवर दोन असेल तर कॉइल जळून चिकटलीय. काहीच आकडा आला नाही तर कॉइल किंवा आतली वायर तुटलीय, पण तुटलेल्या स्पीकरने रिसीव्हर सहसा बंद पडत नाही, तो नुसता मुका होतो. मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल सोडवलेल्या स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवा, ‘धप्’ झालं पाहिजे. त्याने जिवंत-मेलेला एवढंच कळतं.

स्पीकर ठीक आणि तरी मोठ्या आवाजाला बंद पडतोय? स्पीकर सेटअपमध्ये सगळे ‘लार्ज’ वर असतील तर ‘स्मॉल’ करा, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या आकड्याखालचा आवाज सबवूफरला द्यायचा ते, ८० हर्ट्‌झ. खालचा जड आवाज सबवूफरकडे जातो, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असतो, आणि रिसीव्हरच्या पाठीवरचं पोतं उतरतं. यात कमीपणा काही नाही, पाच इंची वूफरला तो आवाज तसाही झेपत नव्हता. काही सेटवर ओहमचा एक मेनूही असतो. तो खाली आणला की सेट स्वतःची ताकद कापून घेतो. गार राहतो खरा, पण दोन स्पीकर एका टर्मिनलला जोडायचा तो परवाना नाही.

रीसेट

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. लोक इंटरनेटवर वाचून पहिल्यांदा हेच करतात आणि माइक लावून केलेलं सगळं मोजमाप पुसून बसतात. डेनॉन-मरांट्‌झचं ऑडिसी म्हणा, यामाहाचं वायपीएओ म्हणा, सगळं जातं. आधी मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग प्लग काढून दहा मिनिटं ठेवा. त्याने भागलं नाही तरच मॅन्युअलमध्ये दिलेला रीसेट. याने सेटिंगचे गोंधळ सुटतात. जळालेला ट्रान्झिस्टर दुरुस्त होत नाही.

हात कधी काढायचा

एकही वायर न जोडता सेट बंद पडतो. जळका वास येतो. चालू केल्याबरोबर वूफरचा पडदा पुढे किंवा मागे जाऊन तिथेच राहतो; हे डीसी, क्षणात प्लग काढा, नाहीतर स्पीकरही जाईल. आतून मोठा घुमणारा आवाज येतो. फ्यूज बदलल्यावर परत उडतो. यातलं काहीही झालं की तुमचं आणि माझं काम संपलं.

झाकण उघडू नका. आत मोठे कपॅसिटर असतात, प्लग काढल्यावरही ते चार्ज धरून बसतात, आणि चुकून स्क्रूड्रायव्हर टेकला तर तुम्हालाही हिसका आणि बोर्डालाही. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा फ्यूजच्या जागी तार तर अजिबात नको, कारखान्यात ही सवय बघितलेल्यांना मुद्दाम सांगतोय. काही यामाहा सेट लागोपाठ तीनदा प्रोटेक्टमध्ये गेले की चालू होणंच नाकारतात. ते कुलूप बटणांच्या जोड्या दाबून उघडायची युक्ती सांगणारे व्हिडिओ आहेत. दोष तसाच ठेवून कुलूप उघडलं की उरलेले ट्रान्झिस्टरही जातात.

एकदा मी एका कारागिराच्या टेबलाशी बसून उघडलेला सेट बघितला. आउटपुटच्या बोर्डावर वाळून कडक झालेली पाल, शेपटी एका चॅनेलवर, तोंड दुसऱ्यावर, खाली ट्रॅक काळा पडलेला. मी घरी झाकण उघडून ती पाल नुसती उचलली असती आणि सेट थेट लावला असता. त्याने आधी बोर्ड धुतला, ट्रॅक जोडला, त्या चॅनेलचे ट्रान्झिस्टर तपासून जोडीने बदलले आणि मग सेट सिरीज बल्बवर, म्हणजे लाइटच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तेव्हा कुठे थेट लाइट दिली. तेव्हापासून दुरुस्तीवाला निवडताना मी एवढंच विचारतो, सिरीज बल्बवर लावून बघता का? ‘ते काय असतं’ म्हणाला की सेट उचलून बाहेर.

नेताना त्याला नुसतं ‘बंद पडतो’ म्हणू नका. किती मिनिटांनी, कुठल्या आवाजाला, स्पीकर काढून काय झालं, हे कागदावर लिहून द्या, त्याचा अर्धा दिवस वाचतो. रिमोट सोबत न्या. सेट दहा-बारा किलोचा असतो आणि ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्याने उचलताना कलतो, तेव्हा दोघांनी धरा. रिक्षात खाली जाड घडी घाला, म्हणजे हादरे बसणार नाहीत. अण्णांची ती चादर आता याच कामाला आहे.